सेप्टिक टँकची रीतसर तपासणी कशी करून घ्यावी

सेप्टिक टँक उपसून घेणे आणि सेप्टिक टँक तपासून घेणे ही दोन वेगळी कामे आहेत. संडास तुंबला की मैला उपसणारी गाडी बोलवायची, टाकी रिकामी करून घ्यायची, पैसे चुकते करायचे आणि झाकणाच्या कडेने पुन्हा सिमेंट फिरवायचे, एवढ्यावर बहुतेक घरांत हा विषय संपतो. टाकीच्या भिंती शाबूत आहेत का, आतला टी-पाइप (वर तरंगणारी घाण अडवणारा, इंग्रजी T आकाराचा पाइप) जागेवर आहे का, बाहेर पडणारे पाणी शोषखड्ड्यात मुरते आहे की विहिरीच्या दिशेने चालले आहे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. उलट पाण्याची पातळी, तळाचा गाळ आणि वर तरंगणारी साय या ज्या खुणांवरून टाकीची प्रकृती कळते, त्याच उपशात वाहून जातात. म्हणून तपासणी उपशाच्या आधी सुरू झाली पाहिजे आणि उपसा हा तपासणीचा मधला टप्पा असला पाहिजे.

पुढील माहिती महाराष्ट्रातील गटारयोजना नसलेल्या नगरपरिषदेच्या हद्दीतील किंवा गावातील, पाच ते दहा माणसांच्या स्वतंत्र घरासाठी आहे. मोठ्या गृहनिर्माण संस्थांच्या टाक्यांना आणि सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पांना वेगळे नियम लागू होतात.

तपासणी केव्हा करावी

केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या २०१३च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे घरगुती सेप्टिक टँकचा दर दोन ते तीन वर्षांनी उपसा व्हायला हवा. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपरिषदांनी तर मागणीची वाट न पाहता प्रभागवार तीन वर्षांच्या चक्रात घरोघरी उपसा करण्याची पद्धत २०१८पासून सुरू केली. आपल्या गावात अशी व्यवस्था असेल, तर त्याच फेरीला जोडून तपासणी करून घेणे सर्वांत सोपे पडते. याखेरीज जुने घर विकत घेण्यापूर्वी, वरचा मजला चढवण्यापूर्वी, घर भाड्याने देऊन राहणाऱ्यांची संख्या वाढणार असेल तेव्हा आणि आवारात नवी विंधनविहीर घेण्यापूर्वी तपासणी अवश्य करावी. खरेदीच्या वेळी आपण सातबारा, मालमत्ता पत्रक आणि नकाशा बारकाईने पाहतो, पण जमिनीखालच्या टाकीविषयी विक्रेत्याला एक प्रश्नही विचारत नाही. माझ्या मते ही चूक नंतर फार महागात पडते.

ऋतूचाही विचार करावा. टाकी रिकामी करण्याचे काम दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंत करावे. भर पावसाळ्यात भूजलपातळी वर आलेली असताना टाकी पूर्ण रिकामी केली, तर बाहेरच्या पाण्याचा दाब तिला वर उचलतो. फायबरच्या किंवा प्लास्टिकच्या हलक्या तयार टाक्या अशा वेळी जमिनीतून उचकटून वर येतात आणि त्यांचे पाइप निखळतात. शोषखड्ड्याची खरी परीक्षा मात्र पावसाळ्यातच होते. जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाभर पाऊस लागून राहिला असताना संडासाचे पाणी सावकाश उतरते का, शोषखड्ड्याच्या आसपासची जमीन दलदलीसारखी होते का, तिथे काळपट पाणी वर येते का, हे घरच्यांनीच तारखेसह लिहून ठेवावे आणि तपासणीच्या दिवशी ती टिपणे अभियंत्याला द्यावीत.

कोणाला बोलवावे

सेप्टिक टँक तपासनीस असा स्वतंत्र परवानाधारक व्यवसाय आपल्याकडे रुळलेला नाही, त्यामुळे दोन माणसे एकत्र आणावी लागतात. पहिला, नगरपरिषदेकडे नोंदणी असलेला किंवा सांडपाण्याच्या कामाचा अनुभव असलेला स्थापत्य अभियंता, जो मोजमापे घेईल, बांधकाम पाहील आणि लेखी अहवाल देईल. दुसरा, व्हॅक्यूम पंप असलेली गाडी चालवणारा उपसा ठेकेदार. तो नगरपरिषदेच्या आरोग्य किंवा स्वच्छता विभागाकडे नोंदलेला आहे का, हे त्या विभागातच विचारून घ्यावे. दोघांनाही एकाच दिवशी, एकाच वेळी बोलवावे. अभियंता सकाळी येऊन गेला आणि गाडी संध्याकाळी आली, तर रिकाम्या टाकीचा आतला भाग कोणीच पाहत नाही.

अभियंत्याशी बोलताना त्याला भारतीय मानक ब्यूरोचे आयएस २४७० हे मानक माहीत आहे का, हे विचारावे. त्याचा १९८५चा पहिला भाग टाकीच्या बांधणीविषयी आहे आणि दुसरा भाग टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या विल्हेवाटीविषयी. साय आणि गाळ कसा मोजणार, रिकाम्या टाकीच्या भिंती कशा पाहणार, शोषखड्डा उघडणार की नाही, अहवालात छायाचित्रे असतील का, हे प्रश्नही आधीच विचारून काम कागदावर आणावे. ठेकेदाराला विचारायचा मुख्य प्रश्न एकच आहे: गाडी कुठे रिकामी करणार? मैला प्रक्रिया केंद्राचे नाव आणि तिथली पावती मिळेल, असे स्पष्ट उत्तर मिळाले तरच पुढे जावे. ओढ्यात, माळावर किंवा कोणाच्या तरी शेतात गाडी ओतणारा ठेकेदार कमी पैसे घेतो, पण आपल्या घरातील मैला तो दुसऱ्याच्या पिण्याच्या पाण्यात नेऊन सोडत असतो.

टाकीत माणूस उतरणार नाही

ही अट काम ठरवतानाच तोंडी आणि लेखी घालावी. टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन हे वायू साठतात आणि प्राणवायू कमी असतो. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यासारखा वास थोड्या प्रमाणात असताना येतो. प्रमाण वाढले की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो, त्यामुळे वास थांबला म्हणजे वायू गेला असे समजणारा माणूस काही क्षणांत कोसळतो आणि त्याला काढायला उतरणारा दुसराही तिथेच राहतो. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्यानुसार सुरक्षेच्या साधनांशिवाय सेप्टिक टँकच्या सफाईसाठी माणसाला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे कामाला लावणे हा गुन्हा आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘माणसे ठेकेदाराची होती’ असे म्हणून घरमालकाला यातून हात झटकता येणार नाहीत. गटार आणि मैला टाकीतील मृत्यूंबद्दल ३० लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३मध्ये दिला, पण भरपाईने गेलेला माणूस परत येत नाही. तळाचा घट्ट गाळ निघत नाही म्हणून ‘दोन मिनिटे उतरतो’ असे कोणी म्हणाले, तर काम तिथेच थांबवावे. पाण्याचा जोरदार फवारा मारून गाळ सैल करता येतो. तेवढेही शक्य नसेल तर गाळ राहू द्यावा.

आदल्या आठवड्यातील तयारी

बांधकाम परवानगीच्या नकाशात टाकीची जागा आणि मापे दाखवलेली असतात. तो नकाशा शोधून ठेवावा. नकाशा नसेल, तर संडासापासून चेंबर कोणत्या दिशेने गेले आहेत, यावरून टाकी सापडते. पुष्कळ घरांत टाकी पोर्चखाली असते आणि नंतर त्यावर फरशी किंवा पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात, त्यामुळे तोंडे उघडी करण्यासाठी गवंड्याला आधीच बोलवावे लागते. फरशी काढण्यापुरतेच काम त्याच्याकडून घ्यावे. झाकण त्या दिवशीच, गाडी आणि अभियंता आल्यावर उघडावे. टाकीवर नेहमी चारचाकी उभी राहत असेल, तर ती आठवडाभर दुसरीकडे लावावी आणि ही गोष्ट अभियंत्याला आवर्जून सांगावी, कारण माणसांच्या वजनासाठी टाकलेला स्लॅब मोटारीच्या वजनासाठी पुरेसा असतोच असे नाही.

घरात राहणाऱ्यांची संख्या, संडास-बाथरूमची संख्या, मोरीचे आणि स्वयंपाकघराचे पाणी टाकीत जाते का, शेवटचा उपसा कधी झाला आणि विहीर किंवा विंधनविहीर कुठे आहे, एवढी माहिती एका कागदावर लिहून ठेवावी. त्या आठवड्यात संडासात ॲसिड किंवा जास्त फिनेल ओतू नये.

झाकण उघडल्यावर

दोन्ही तोंडांची झाकणे काढून बराच वेळ तशीच ठेवावीत, जवळपास विडी-काडी पेटवू देऊ नये, मुलांना आणि पाळीव जनावरांना दूर ठेवावे आणि कोणालाही तोंडावर वाकून पाहू देऊ नये. त्यानंतरचे पहिले निरीक्षण पाण्याच्या पातळीचे असते. ठीक चाललेल्या टाकीत पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपच्या तळाशी बरोबर येऊन थांबते. पातळी त्याच्या वर असेल, तर पुढचा पाइप तुंबला आहे किंवा शोषखड्डा पाणी घेत नाही. पातळी खाली असेल, तर टाकी गळते आहे, म्हणजे न निवळलेला मैला थेट जमिनीत जातो आहे. ‘आमची टाकी वीस वर्षांत एकदाही भरली नाही’ असे अभिमानाने सांगितले जाते, तेव्हा बहुधा हीच गळतीची स्थिती असते. जुन्या बांधकामांत तळाला काँक्रीटचा बेडच टाकलेला नसतो आणि सेप्टिक टँक या नावाखाली केवळ विटांनी बांधलेला खड्डा असतो.

आता गाळ मोजावा. यासाठी टाकीच्या खोलीपेक्षा हातभर लांब काठी किंवा पाइप घेऊन त्याच्या खालच्या भागाला पांढऱ्या टॉवेलचे कापड घट्ट गुंडाळतात. सायीचा थर बाजूला करून काठी सरळ तळाला टेकवतात, काही मिनिटे तशीच धरतात आणि हळूहळू वर काढतात. तळाच्या गाळात बुडालेल्या कापडात काळे कण अडकून राहतात आणि वरच्या पाण्यातला भाग फक्त मळकट ओला होतो. या दोन रंगांच्या सीमेपासून टोकापर्यंतचे अंतर म्हणजे गाळाची जाडी. सायीसाठी टोकाला आडवी पट्टी ठोकलेली दुसरी काठी सायीतून खाली सारून वर ओढतात. पट्टी सायीच्या तळाला अडते ती जागा आणि सायीचा माथा यांतले अंतर मोजतात. समजा, पाण्याची एकूण खोली १२० सेंटीमीटर आहे, गाळ ४५ आणि साय १० सेंटीमीटर आहे, तर ५५ सेंटीमीटर, म्हणजे जवळपास निम्मी टाकी अडलेली आहे. हे प्रमाण एक तृतीयांशाच्या पुढे गेले की उपशाची तयारी करावी आणि निम्म्यापर्यंत तर कधीच जाऊ देऊ नये. गाळाचा माथा बाहेरच्या टी-पाइपच्या खालच्या तोंडापासून ३० सेंटीमीटरच्या आत किंवा सायीचा तळ १५ सेंटीमीटरच्या आत आला असेल, तर एकूण प्रमाण कितीही असले तरी उपसा त्याच दिवशी करावा, कारण यापुढे घाण थेट शोषखड्ड्यात जाते. टाकीला दोन कप्पे असतील तर दोन्हीकडे वेगळे माप घ्यावे. दुसऱ्या कप्प्यात पहिल्याइतकाच गाळ सापडला, तर मधली भिंत फुटली आहे किंवा उपसा वर्षानुवर्षे एकाच तोंडातून होत आला आहे.

याच वेळी टाकीचे आकारमानही मोजावे. मानकाप्रमाणे टाकीची रुंदी किमान ७५ सेंटीमीटर, पाण्याची खोली किमान १ मीटर आणि क्षमता किमान १००० लिटर असते, आणि लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट असते. पाच माणसांच्या वापरासाठी दीड मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद टाकी धरतात. दहा माणसांसाठी २ मीटर लांब आणि ९० सेंटीमीटर रुंद. आपल्याकडे मात्र उलट दोषही दिसतो: जागा आहे म्हणून भलीमोठी टाकी बांधली जाते आणि पंधरा वर्षे तिच्याकडे कोणी पाहत नाही, तेवढ्यात तळाचा गाळ इतका घट्ट होतो की पंपाला ओढवत नाही.

उपसा चालू असताना

बाहेरच्या टी-पाइपवर लक्ष ठेवावे. टाकीची पातळी खाली जात असताना त्या पाइपातून पाणी उलटे टाकीत वाहू लागले, तर शोषखड्डा काठोकाठ भरलेला आहे, हे निर्विवाद सिद्ध होते. माझ्या मते संपूर्ण तपासणीतले सर्वांत बोलके निरीक्षण हेच, आणि गाडी परस्पर येऊन गेली तर हुकतेही हेच. हे परतणारे पाणी किती वेळ आणि किती जोरात येते, याचे मोबाइलवर चित्रण करून ठेवावे.

टाकी रिकामी झाली की अभियंत्याने बाहेरूनच, काठीला बांधलेला कॅमेरा आणि विजेरी आत सोडून भिंती पाहाव्यात. टी-पाइप तुटलेला, निसटलेला किंवा मुळातच बसवलेला नसणे हा नेहमीचा दोष आहे. तो नसेल तर वरची साय सरळ बाहेर जाते. दुरुस्ती किरकोळ खर्चाची असते आणि ती तोंडातून, आत न उतरता करता येते. स्लॅबची खालची बाजू आणि पाण्याच्या रेषेच्या वरचा भिंतीचा पट्टा विशेष काळजीने पाहावा. तिथल्या ओलसर पृष्ठभागावर हायड्रोजन सल्फाइडपासून जिवाणू सल्फ्युरिक आम्ल तयार करतात आणि ते काँक्रीटला खात जाते. गिलावा सुटून सळया उघड्या पडल्या असतील किंवा गंजाचे तांबडे ओघळ दिसत असतील, तर स्लॅब बदलेपर्यंत त्यावर वाहन तर नाहीच, माणसांचा वावरही ठेवू नये. रिकाम्या टाकीच्या भिंतीतून किंवा तळातून स्वच्छ पाणी झिरपत असेल, तर भेगा आहेत. बाहेरचे पाणी आज जिथून आत येते, तिथूनच उन्हाळ्यात आतले बाहेर जाते.

टाकी धुऊन लख्ख करू नये. मैला कुजवणारे जिवाणू टिकावेत म्हणून तळाशी थोडा गाळ ठेवायचा असतो आणि पाहणी संपताच टाकी साध्या पाण्याने भरून द्यायची असते. बाजारात मिळणाऱ्या जिवाणूंच्या पावडरी उपशाला पर्याय होत नाहीत.

शोषखड्डा आणि विहीर

टाकीतून बाहेर पडणारे पाणी दिसायला निवळ असले तरी रोगजंतूंनी भरलेले असते, म्हणून ते उघड्या गटारात सोडणे हा उपाय नाही. टाकीचा पाइप थेट गटाराला जोडलेला आढळला, तर अहवालात तो दोष म्हणूनच नोंदवून घ्यावा. शोषखड्डा चालतो की नाही, हे मातीवर अवलंबून असते. कोकणातल्या आणि गोव्यातल्या जांभ्यात पाणी झटकन मुरते, पण तितक्याच वेगाने ते विहिरीपर्यंतही पोहोचू शकते. विदर्भ-मराठवाड्यातली काळी चिकणमाती ओली झाली की फुगते आणि पाणी घेत नाही. अशा ठिकाणी शोषखड्डा कितीदा साफ केला तरी उपयोग होत नाही. अभियंत्याकडून मुरण्याची चाचणी करून घ्यावी: खड्डा खणून आदल्या दिवसापासून पाण्याने भिजवत ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पाणी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटे लागतात, ते मोजतात. ३० मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर साधा शोषखड्डा नको. ६० मिनिटांच्या पुढे गेला तर जमिनीत मुरवण्याचा विचार सोडून गाळण टाकीसारखी प्रक्रिया बसवावी लागते.

मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा स्रोत शोषखड्ड्यापासून किमान १८ मीटर आणि राहते घर किमान ६ मीटर दूर असावे. दख्खनच्या काळ्या पाषाणात मात्र पाणी भेगांतून धावते, म्हणून १८ मीटर अंतर आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये. शेजाऱ्याची विहीरही मोजमापात धरावी. ती कुंपणापलीकडे आहे म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. पाण्याचा नमुना निर्जंतुक बाटलीत घेऊन भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा जिल्ह्यातील पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्यावा. पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा जिवाणू अजिबात आढळता कामा नये. पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा, असे दोन नमुने दिले तर निष्कर्षावर भरवसा ठेवता येतो.

टाकीतले वायू बाहेर सोडणाऱ्या व्हेंट पाइपची जाळीही पाहून घ्यावी. ती फाटली की क्युलेक्स डास टाकीत अंडी घालतात आणि हत्तीरोगाचा प्रसार याच डासांमुळे होतो. पूर्व विदर्भातील घरांनी तर या जाळीकडे कधीच दुर्लक्ष करू नये. टाकी घराला लागून असेल, तर पाइपाचे तोंड छपरापेक्षा २ मीटर उंच असावे.

अहवालात काय मागावे

पैसे चुकते करण्यापूर्वी अहवाल हातात घ्यावा. त्यात टाकीची मापे, उपशापूर्वीची पातळी, गाळ आणि साय यांची जाडी, टी-पाइप, भिंती, स्लॅब आणि झाकणांची स्थिती, पाणी उलटे आले का, मुरण्याच्या चाचणीचा वेळ, विहिरीचे अंतर आणि छायाचित्रे असावीत. टाकी आणि शोषखड्डा घराच्या दोन ठळक कोपऱ्यांपासून किती अंतरावर आहेत, याचा हाताने काढलेला नकाशाही मागून घ्यावा, म्हणजे पुढच्या वेळी फरशी अंदाजाने फोडावी लागणार नाही. दुरुस्त्यांची वर्गवारी ‘तातडीची’, ‘पावसाळ्यापूर्वीची’ आणि ‘पुढील उपशाच्या वेळची’ अशी करून घ्यावी. खचलेला स्लॅब आणि फुटके झाकण नेहमी पहिल्या वर्गात येतात. ‘टाकी ठीक आहे’ एवढेच लिहिलेला कागद स्वीकारू नये. उपसा ठेकेदाराकडून गाडीचा क्रमांक, उपसलेले लिटर आणि प्रक्रिया केंद्राची पावती घेऊन ती अहवालाला जोडावी.

झाकण पुन्हा बसवताना ते कायमचे सिमेंटमध्ये गाडू नये. हवाबंद बसणारे, पण कडी धरून उचलता येणारे झाकण बसवून घ्यावे, कारण वर्षभराने गाळाचे माप पुन्हा घ्यायचे आहे आणि ते काम अभियंत्याला अर्ध्या तासात करता आले पाहिजे. आधीच्या उदाहरणातल्या १२० सेंटीमीटर खोलीच्या टाकीत उपशानंतर एका वर्षाने गाळ आणि साय मिळून १८ सेंटीमीटर भरली, तर ४० सेंटीमीटर म्हणजे एक तृतीयांशाची मर्यादा गाठायला उपशापासून साधारण सव्वादोन वर्षे लागतील, आणि घरातली माणसे तेवढीच राहिली तर पुढची गाडी कोणत्या महिन्यात बोलवायची, हे त्या एका मापावरून ठरवता येईल.